चढ खालून लावतात

तळ्याकाठच्या वाटेवर रोज सकाळी साडेसहाला जी बाई कुत्र्याला घेऊन फिरते ना, ती मी. कुत्र्याचं नाव मुकादम. नाव माझ्या नवऱ्यानं ठेवलं. दिवसभर इकडून तिकडे हिंडायचं, सगळ्यांच्या कामात नाक खुपसायचं, स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही आणि जेवायच्या वेळेला सगळ्यांच्या आधी हजर. दुसरं काय नाव ठेवणार त्याचं?

वाट म्हणाल तर देखणी आहे. चार किलोमीटर, तळ्याला पूर्ण वळसा. पाण्याच्या बाजूला बुटकी झुडपं, दुसऱ्या बाजूला उंच झाडं, मधूनमधून बाकं आणि पायाखाली लाल-करडे सिमेंटचे ब्लॉक. बोटीच्या धक्क्यापाशी वाट वळते, तिथं ब्लॉक पंख्यासारखे पसरत गेलेत. लोक तिथं थांबून फोटो काढतात, पण पाण्याचे. खाली बघत नाही कुणी. त्या एका वळणात दोनशे बारा ब्लॉक कापून बसवलेत आणि एकाही फटीत नख जात नाही. नवऱ्याला नऊ दिवस लागले ते वळण लावायला. मला कसं माहीत? त्याच्यापुढे कच पसरून फळी ओढायला मीच होते. कच म्हणजे दगडाची बारीक भरड. ती एकसारखी पसरली नाही, तर वरचा हात कितीही चांगला असू दे, ब्लॉक डुगडुगणारच.

आणि ज्यानं ही वाट लावली तो माझा नवरा अकरा वर्षं एकदाही तिच्यावरून चालला नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, दोन खोल्या. मागच्या खोलीच्या खिडकीतून तळं दिसायचं. त्यानं खिडकीसमोर कपाट आणून ठेवलं. कामावर जायला वाटेनं दहा मिनिटं पुरतात, तर हा बाजारातून वळसा घालून अर्धा तास तंगडतोड करायचा. तोंडावर मी अहो-जाहो करते हं, पाठीमागे तो म्हणते. सांगू नका कुणाला.

धक्क्याच्या पुढे वाट एका टेकाडावर चढते. वर कट्टा आहे, तिथून सगळं तळं एका नजरेत मावतं. चढ असेल शंभर-सव्वाशे पावलांचा. आता, चढावर ब्लॉक लावायचे तर खालून सुरुवात करायची, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. तळाशी किनारीचे दगड काँक्रीटमध्ये घट्ट रोवायचे. पहिली ओळ त्या दगडांना टेकवायची, दुसरी पहिलीला टेकवायची आणि असंच वर जायचं. खालच्यानं वरच्याचा भार घ्यायचा असतो.

त्या वेळी कामावर देखरेख करायला एक साहेब होते. आम्ही त्यांना टेपसाहेब म्हणायचो. कमरेला मोजायची टेप अडकवलेली असायची आणि ती उघडलेली कुणाच्या बापानं पाहिली नव्हती. उद्घाटन आठ दिवसांवर आलं. कुणी बडे पाहुणे वरच्या कट्ट्यावर फीत कापणार होते. साहेब आले, हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "चढ वरून सुरू करा. पाहुण्यांना वरून दिसेल तेवढं झालं म्हणजे झालं. खालचं मग बघू." नवऱ्यानं वरून लावला. उद्घाटनाच्या दिवशी खालच्या अर्ध्या चढावर नुसती सतरंजी अंथरली होती. मी फळी हातात घेऊन कडेला उभी होते, तोंडाला फडकं, अंगभर कच. साहेब म्हणाले, "ए बाई, बाजूला हो, फोटोत येतेस."

पाहुणे गेले, सतरंजी गेली, खालचं घाईघाईत कसंबसं उरकलं. वर्षाच्या आत चढ घसरला. फटी दोन-दोन बोटं रुंद झाल्या. फिरायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंचा पाय त्यात अडकला आणि मांडीचं हाड मोडलं. चौकशी बसली. अहवालात लिहून आलं: कारागिराचा निष्काळजीपणा, कामावर दारू पिऊन येणे. खाली सही टेपसाहेबांची.

दारू! अहो, माझा नवरा खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत ठेवतो. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही. पण अहवालापुढे आमचं कोण ऐकणार? त्याला परत कुणी कामावर उभं केलं नाही. धंद्यातल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं घसरगुंडी. घसरगुंडी मेस्त्री. खरं नाव लोक विसरले, हे राहिलं. जिन्यात शेजारचे पाहुणे भेटले तर कुजबुजायचे, तेच का ते? आता तो एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये काचेच्या खोक्यात बसतो. गाडी आली, दांडी वर. गाडी गेली, दांडी खाली. मी लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी इस्त्रीच्या रोलरखाली घालते.

तेव्हापासून मला एकच हवं होतं. त्या माणसाला चारचौघांत तोंडावर पाडायचं आणि घसरगुंडी हे नाव माझ्या नवऱ्याच्या अंगावरून उतरवून ज्याचं त्याच्या गळ्यात बांधायचं. लोक म्हणतात, सोडून द्यावं, विसरावं. ज्याला विसरायचं त्यानं विसरावं. मी विसरणाऱ्यातली नाही.

मुकादम घरी आला आणि मी त्याला घेऊन वाटेवर जायला लागले. परत आलो की नवरा कुत्र्याचे पाय पुसायचा, बोटांच्या मधला कच काढायचा आणि बघायचा. कुठं ब्लॉक सैल होऊन कच वर येतोय, हे त्याला त्यावरून कळत असणार. विचारायचा मात्र नाही.

मुकादमची एक खोड आहे. डुगडुगणाऱ्या ब्लॉकवर तो पाय ठेवत नाही. चार किलोमीटर मजेत उड्या मारत येईल, बदकांवर भुंकेल, प्रत्येक बाकाच्या पायाला मान देईल, पण चढ आला की थेट गवतात उतरतो. नवऱ्यानं लावलेल्या बाकीच्या सगळ्या वाटेवर त्याला गवतात उतरावं लागलं नाही कधी. मी म्हणायचे, बघा, कुत्र्याला कळतं, ते अहवाल लिहिणाऱ्याला कळलं नाही.

मग आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी माझ्या मागून आवाज आला, "ए, बाजूला हो, बाजूला!" एका सायकलवाल्याला कुणी दटावत होतं. तो आवाज मी हजारांतून ओळखला असता. वळून बघते तर टेपसाहेब. केस पिकलेले, पोट सुटलेलं, आणि हातातल्या पट्ट्याला एक पांढरं, केसाळ, कापसाच्या बोळ्याएवढं कुत्रं. त्याला ते बाळ म्हणत होते. "बाळ, चिखलात नाही जायचं, बाळ!"

मुकादम आणि बाळ यांनी एकमेकांचा वास घेतला, पट्ट्यांचा गुंता झाला आणि आम्ही दोघं तो सोडवत बसलो. त्यांनी मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? तेव्हा फडक्याच्या वर नुसते डोळे होते आणि ते डोळे कुणी बघितले नव्हते. "काय नाव याचं?" साहेबांनी विचारलं. म्हटलं, मुकादम. खो खो हसले. म्हणाले, "मी आयुष्यभर मुकादमांना पळवलंय! नुकताच इकडे राहायला आलोय. येता का रोज?"

म्हटलं, येते की.

त्या दिवशी मी लाँड्रीत जाऊन माझी पाळी दुपारची करून घेतली.

सात महिने फिरले मी त्या माणसाबरोबर. वाटेवर कुत्रेवाल्यांची एकमेकांना नावं नसतात, कुत्र्यांची असतात. मी मुकादमची आई, ते बाळाचे बाबा. आणखी पाच-सहा मंडळी होती, धक्क्यापाशी जमायची. साहेबांना एक श्रोता मिळाला की ते सुरू. "ही वाट मी बांधली बरं का." वळणाशी आले की हातातली काठी आपटून म्हणायचे, "हे डिझाइन माझं." त्या दोनशे बारा ब्लॉकवर उभं राहून म्हणायचे! मी दातओठ खात हसायचे. आणि चढाशी आले की, "हा तेवढा बिघडला. एक दारुडा कारागीर होता, त्यानं वाट लावली. असल्या लोकांना मी बरोबर ओळखतो." धक्क्यावरची एक बाई, खारीसारखी चुळबुळी, दर वेळी म्हणायची, "अरेरे, दारू म्हणजे वाईटच!" माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. पण मी मूग गिळून गप्प. एकटीनं आरडाओरडा केला असता तर लोक म्हणाले असते, दारुड्याची बायको, कांगावा करतेय. हे त्यांच्याच तोंडून बाहेर यायला हवं होतं, आणि ज्यांना त्याचा अर्थ कळतो अशा माणसांसमोर.

महिन्यापूर्वी चढापाशी पाटी लागली: काम सुरू, सावकाश चाला. अकरा वर्षं ठिगळं लावून झाल्यावर एकदाचा तो सगळा उखडून नव्यानं लावायचं ठरलं होतं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चौथ्या दिवशी सात-आठ जणांची टोळी आली. त्यांचा मेस्त्री धिप्पाड, कानामागे पेन्सिल, आवाज लाऊडस्पीकर. टोळी चढाच्या तळाशी दोऱ्या ताणून किनारीचे दगड रोवत होती. अर्थात तळाशी.

तिसऱ्या सकाळी मी मंडळींना धक्क्यावरून हाक मारली, "चला, आज काम बघू." आणि साहेबांना म्हटलं, "बाई बाई, बघा तरी! दोन दिवस झाले, खालीच खुडबुड चाललीय यांची. वर एक ब्लॉक नाही. तुम्ही तर आख्खा चढ आठ दिवसांत लावला होता ना?"

"आठ दिवसांत!" साहेबांची छाती फुगली.

"मग सांगा ना त्यांना. तुमच्यासारख्यानं नाही सांगायचं तर कुणी?"

हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. चढले. काठी टेकत मेस्त्रीपुढे जाऊन उभे राहिले. "अहो, वेळ काय घालवताय खाली? वरून सुरू करा, वरून! ही वाट मीच बांधून घेतलीय. उद्घाटनाला आठ दिवस उरले होते. मी युक्ती काढली. कट्ट्यापासून खाली लावत आलो. पाहुणे खूश!"

मेस्त्रीचा हातोडा हातातच राहिला. "वरून?"

"वरून."

"आणि खाली किनार रोवली नव्हती?"

"नंतर बघू म्हटलं. तो कारागीर कुरकुरत होता, साहेब घसरेल म्हणून. मी सरळ दम दिला, वरून लावायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस. लागला मुकाट्यानं."

टोळीतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग सगळी टोळी पोट धरून हसायला लागली. मेस्त्री मात्र हसला नाही. तो म्हणाला, "साहेब, मी नव्या माणसाला कामावर घेतो तेव्हा पहिल्या दिवशी घसरगुंडी मेस्त्रीची गोष्ट सांगतो. दारू पिऊन चढ वरून लावला त्याची. वीस जणांना सांगितली असेल. म्हणजे तो नको म्हणत होता आणि लावायला लावला तुम्ही?"

साहेबांना तेव्हा कुठे कळलं की आपण काय बोललो. त्यांनी मंडळींकडे बघितलं. ती खार पुढे आली. "अहो बाळाचे बाबा, मग तो दारुडा?"

"तसं... म्हणजे अहवालात काहीतरी कारण लिहावं लागतं..."

"पीत होता की नव्हता?" खारीनं विचारलं. त्या क्षणी मी तिचे सगळे अरेरे माफ केले.

साहेब काठीनं जमीन उकरत राहिले. "मला कुठे माहीत? कोण तो, हेही आठवत नाही आता."

मग मी पुढे झाले. म्हटलं, "मला आठवतंय. तो माझा नवरा. त्याच्यापुढे कचावर फळी ओढणारी बाई मी. तुम्ही म्हणाला होतात, बाजूला हो, फोटोत येतेस. आज नाही होत बाजूला. ज्या वळणाला तुम्ही माझं डिझाइन म्हणता, ते त्याच्या हातचं आहे. त्यानं आयुष्यात दारूला ओठ लावला नाही. आणि इथं घसरगुंडी कुणी असेल, तर ते तुम्ही."

साहेबांचा चेहरा पडला. बाळ पट्टा ओढत होतं, ते त्याच्या मागोमाग निघाले. धक्क्यापर्यंत एकानंही त्यांना सोबत केली नाही. मागून टोळीतल्या कुणीतरी हाळी दिली, "सांभाळून हो, घसरगुंडीसाहेब!" मला दया आली का? नाही आली. मी ते दिसेनासे होईपर्यंत उभं राहून बघितलं, आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मेस्त्री म्हणाला, "ताई, तुमच्या मालकांना एकदा घेऊन या. माझ्या माणसांनी त्यांच्या नावानं फार तोंड वाजवलंय."

मी मुकादमला घेऊन तशीच पार्किंगमध्ये गेले. काचेच्या खोक्याला टेकून सगळं सांगितलं, साहेबांची नक्कल करून, मेस्त्रीचा आवाज काढून. तो ऐकत होता आणि दांडी वर-खाली करत होता. मला वाटलं हसेल. निदान डोळे तरी भरतील.

तो म्हणाला, "अगं, बाकीचं सगळं आठवतं तुला. ते मात्र विसरलीस?"

"काय?"

"साहेब सांगून गेले तेव्हा तू फळी टाकलीस आणि माझ्यापुढे उभी राहिलीस. म्हणालीस, वरून लावू नका, काम सोडू, दुसरीकडे जाऊ. मी सगळ्या माणसांसमोर तुला म्हणालो, तू फळी ओढ, मला अक्कल शिकवू नकोस."

खरं आहे. हे मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं. विसरले म्हणून नाही. ते सांगितलं असतं तर तुम्ही मध्येच विचारलं असतं, मग रागावायचं कुणावर? आणि मला तेव्हा टेपसाहेब संपवायचे होते.

"साहेबांनी एक ब्लॉक उचलला नाही," तो म्हणाला. "हात माझे होते. म्हणून जात नाही मी तिकडे. लोक दारुडा म्हणाले त्याचं काही नाही. अकरा वर्षं मी वाट बघतोय, तू कधी बोलून दाखवशील याची. तू सगळा राग त्यांच्यावरच काढत राहिलीस. माझ्यावर का नाही धरलास?"

"कोण म्हणालं नाही धरला?" मी म्हटलं. "तुमचा नंबर त्यांच्यानंतर होता."

त्यानं दांडी वर केली ती खाली आणायलाच विसरला. तीन गाड्या तशाच आत गेल्या.

"मग काय शिक्षा?" त्यानं विचारलं.

"उद्या रजा टाका. सकाळी साडेसहाला निघायचं, मुकादमचा पट्टा तुम्ही धरायचा. वाटेच्या मधून चालायचं, कडेकडेनं नाही. आणि चढाशी तो मेस्त्री विचारेल, वरून का लावलं, तेव्हा साहेबांचं नाव काढायचं नाही. त्यांचं मी बघितलंय. तुम्ही तुमचं सांगायचं."

"सगळ्यांसमोर?"

"मला बोललात ते कुणासमोर होतं?"

रात्रभर तो कूस बदलत होता. सकाळी मी उठायच्या आत त्यानं दाढी करून घेतली होती. वाटेवर पहिलं पाऊल टाकताना थांबला, मग टाकलं. वळणापाशी खाली बसला आणि एका फटीवरून नख फिरवलं. मुकादम त्याला पुढे ओढत होता. चढाशी टोळी होती, धक्क्यावरची मंडळी होती, खार होती. साहेब नव्हते. नव्या ओळी तळापासून पंधराएक पावलं वर चढल्या होत्या. मेस्त्रीनं हात पुसून पुढे केला आणि विचारायचं तेच विचारलं.

नवऱ्यानं मान खाली घातली. "बायको नको म्हणत होती," तो पुटपुटला. "मीच ऐकलं नाही."

"मोठ्यानं," मी म्हटलं. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

त्यानं मान वर केली आणि मोठ्यानं सांगितलं.